साखर कोणी वाचायची? : ग्लुकोजमापनाच्या इतिहासातील एक प्रश्न

'मधुमेह' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे, की तो मुळात एका निरीक्षणाची नोंद आहे हे सहसा ध्यानात येत नाही. 'मिह्' या धातूपासून मेह, आणि तो मधासारखा म्हणून मधुमेह. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्यांनी धाव घेणे हे त्याच्या पूर्वलक्षणांत गणले आहे. सुश्रुतसंहितेत जन्मतः येणारा प्रमेह आणि अपथ्यामुळे होणारा प्रमेह असे दोन भेद आहेत; पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. ग्रीक परंपरेतला 'डायबिटीस' हा शब्द मात्र आरपार वाहून जाण्याचा अर्थ सांगतो. कॅपाडोशियाच्या आरेटियसने या रोगाचे वर्णन करताना मांस आणि अवयव विरघळून मूत्रावाटे निघून जातात असे लिहिले. एका भाषेने रोगाचा प्रवाह पाहिला, दुसरीने त्याची गोडी पाहिली.

या दोन नावांतून एक गोष्ट स्पष्ट होते. रोग शरीरात असतो, पण तो आपल्याला कळतो तो कोणत्या तरी खुणेवाटे. ती खूण कोणीतरी वाचावी लागते, आणि वाचणारा कोण आहे यावर रोगाचा अर्थ पुष्कळसा अवलंबून राहतो. संहिता एक, वाचक अनेक, ही साहित्याच्या वर्गात नेहमी चर्चिली जाणारी गोष्ट आहे. परंतु ज्या वाचनावर जीव अवलंबून आहे असे वाचन तेथे क्वचितच भेटते. आज कोणाच्या दंडावर दोन रुपयांच्या नाण्याएवढी पांढरी चकती दिसते. ती म्हणजे ग्लुकोजचे अखंड मापन करणारा सेन्सर. त्याच्याकडे यंत्रविद्येचा एक विजय म्हणून पाहता येईल, आणि तो विजय आहेच. पण मुंगीपासून या चकतीपर्यंतचा इतिहास वाचकाच्या बदलाचा इतिहास म्हणूनही पाहता येतो, आणि तसा पाहिल्यास त्यात काही वेगळे दिसते असे आम्हांस वाटते. उपचारांची चर्चा हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही.

वैद्याची जीभ

युरोपात मूत्राच्या गोडीची गोष्ट ठळकपणे मांडली ती इंग्रज वैद्य थॉमस विलिस याने, १६७४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात. मधुमेह्याचे मूत्र मध किंवा साखर मिसळल्यासारखे गोड लागते, असे त्याने नोंदवले. ती गोडी कशाची, हे मात्र त्याला उलगडले नाही. त्यानंतर शंभर वर्षांनी, १७७६ साली, लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने रुग्णाचे मूत्र आटवले. तळाशी पांढरा, दाणेदार साका उरला, आणि चवीला तो साखरेपेक्षा वेगळा नव्हता. डॉब्सनने आणखी एक गोष्ट केली. त्याने रुग्णाच्या रक्तातील पाणीही चाखले आणि तेही गोड असल्याचे लिहून ठेवले. म्हणजे साखर मूत्रपिंडात तयार होत नव्हती. ती आधीच रक्तात होती. रोगाची मूळ संहिता रक्तात आहे आणि मूत्र ही तिची नक्कल आहे, हे येथे प्रथम सूचित झाले. तरीही पुढची जवळजवळ दोनशे वर्षे रोज हाताळली गेली ती नक्कलच, कारण मूळ प्रत सहज हाती लागत नव्हती.

या काळात वाचक एकच होता, तो म्हणजे वैद्य. त्याची जीभ हेच त्याचे साधन. रुग्ण केवळ मजकूर पुरवत असे.

एकोणिसाव्या शतकात जिभेची जागा रसायनाने घेतली. १८१५ मध्ये शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मधुमेह्याच्या मूत्रातील साखर ही द्राक्षातल्या साखरेसारखीच, म्हणजे ग्लुकोज, असल्याचे दाखवले. पुढे फेलिंगचे द्रावण आले आणि १९०८ मध्ये अमेरिकेतील स्टॅन्ली बेनेडिक्टचे. बेनेडिक्टचे निळे द्रावण अनेकांना शाळेच्या प्रयोगशाळेतून आठवत असेल. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण, त्यात मूत्राचे आठ थेंब, आणि मग उकळी. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटकरी लाल अशी चढती भाजणी. चव ही सांगणाऱ्याची असते, रंग दोघांना एकत्र पाहता येतो. हे वाचन प्रथमच वैद्याच्या देहापासून सुटे झाले, आणि म्हणूनच ते दुसऱ्याच्या हाती देणे शक्य झाले.

स्वयंपाकघरातील परीक्षानळी

ते दुसऱ्याच्या हाती देण्याची निकड निर्माण केली इन्सुलिनने. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले टोचण दिले गेले. ते अर्क अशुद्ध असल्याने फारसे लागू पडले नाही. जेम्स कॉलिपने शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिला गेला आणि मुलगा सावरला. त्याआधी अशा मुलांच्या वाट्याला उपासमारीचा आहार आणि काही महिन्यांचे आयुष्य एवढेच असे. आता ती जगू लागली. परंतु या औषधाची मात्रा रोज, खाण्यापिण्यानुसार ठरवावी लागते. कमी पडली तर साखर चढते, जास्त झाली तर ती इतकी उतरते की शुद्ध हरपते. असे औषध वैद्य घरी येऊन दिवसातून तीनदा देऊ शकत नाही. ते रुग्णाने स्वतः घ्यायचे असेल, तर रुग्णाने वाचायलाही शिकले पाहिजे.

बोस्टनच्या एलियट जोस्लिन यांनी हे इन्सुलिनच्या आधीच ओळखले होते. १९१८ मध्ये त्यांनी रुग्णांसाठी आणि वैद्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. आहार मोजणे, मूत्र तपासणे, नोंद ठेवणे हे त्यांच्या दृष्टीने रुग्णाचे शिक्षण होते. या शिक्षणात करडी शिस्त होती आणि शिस्तीसोबत येणारी नैतिक भाषाही होती. साखर आटोक्यात ठेवणारा तो चांगला रुग्ण, न ठेवणारा तो बेशिस्त. पुढे साधने बदलली, पण ही भाषा टिकून राहिली.

शिवाय रुग्णाच्या हाती जे आले ते मूत्रच. मूत्रात साखर उतरते ती रक्तातील प्रमाण साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावर. त्याखाली काय चालले आहे याचा मूत्राला पत्ता नसतो. रक्तात १५० असो की जिवावर बेतणारे ४०, परीक्षानळी निळीच राहणार. शिवाय मूत्र हे मागच्या काही तासांचे संचित. तो कालचा अंक असतो, आजचा नव्हे. रुग्णाला वाचायला शिकवले, पण उशिरा येणाऱ्या आणि धोक्याच्या जागी नेमक्या कोऱ्या असणाऱ्या पानांवर. मूळ प्रत, म्हणजे रक्त, प्रयोगशाळेच्या ताब्यात राहिली.

मूळ प्रत घरी येते

१९६० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील एम्स कंपनीने डेक्स्ट्रोस्टिक्स ही पट्टी आणली. पट्टीवर रक्ताचा मोठा थेंब ठेवायचा, मिनिटभराने तो धुऊन टाकायचा आणि उमटलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. रंग ताडण्यात नजरेची चूक होई, म्हणून १९७० च्या सुमारास तो रंग मोजणारे यंत्र आले. त्याचे वजन एक किलोहून अधिक, किंमत काही शे डॉलर आणि विक्री फक्त डॉक्टर व रुग्णालयांना. रात्री रुग्णालयात आणलेला बेशुद्ध माणूस मद्याने बेशुद्ध आहे की मधुमेहाने, हे ठरवण्यासाठी ते उपयोगी पडेल अशी कल्पना होती.

येथे रिचर्ड बर्नस्टीन या माणसाची गोष्ट येते. ते अभियंता होते. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्यांना मधुमेह होता आणि तिशीत असतानाच त्याचे दुष्परिणाम शरीरावर दिसू लागले होते. या यंत्राची जाहिरात त्यांनी व्यावसायिक नियतकालिकात पाहिली. ते रुग्ण असल्यामुळे त्यांना ते मिळणे शक्य नव्हते. पण त्यांच्या पत्नी डॉक्टर होत्या, त्यांच्या नावाने ते मागवले गेले. बर्नस्टीन दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासू लागले आणि कोणत्या अन्नाने, किती इन्सुलिनने काय होते याचे अभियंत्याच्या पद्धतीने गणित मांडू लागले. त्यांची प्रकृती सुधारली. हा अनुभव लिहून त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवला. तो नाकारला गेला. शेवटी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते स्वतःच डॉक्टर झाले.

ही कथा एका जिद्दी माणसाची म्हणून सांगितली जाते. आम्हांला ती अधिकाराची कथा वाटते. बर्नस्टीन यांचे वाचन चुकीचे आहे असे सिद्ध झालेले नव्हते. वाचणाऱ्याजवळ पदवी नव्हती, एवढाच त्यांचा दोष. आपल्याच रक्ताविषयी बोलण्याचा अधिकार मिळवण्यासाठी एका माणसाला पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. अर्थात सारे वैद्यक एका बाजूला होते असे नव्हे. १९७८ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट टॅटरसॉल आणि पीटर सॉन्क्सेन यांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रुग्ण घरच्या घरी रक्त तपासू शकतात असे दाखवून दिले. त्यानंतर यंत्रे लहान होत गेली, स्वस्त झाली आणि बोटाला टोचून थेंब काढणे हा मधुमेह्याच्या दिनचर्येचा भाग बनला.

नोंदवही आणि सरासरी

वाचनाबरोबर लेखनही आले. प्रत्येक रुग्णाला नोंदवही ठेवायला सांगितले जाई आणि डॉक्टर ती तपासत. १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात मोठा उद्बोधक आहे. काही रुग्णांना दिलेल्या यंत्रांत, त्यांना न सांगता, प्रत्येक मोजणी साठवणारी चिप बसवलेली होती. वहीतले आकडे आणि यंत्रातले आकडे ताडून पाहिले तेव्हा पुष्कळांच्या बाबतीत ते जुळेनात. काही मोठे आकडे वहीत आलेच नव्हते. काही आकडे वहीत होते, पण त्या वेळी मोजणी झालेली नव्हती. ते कल्पनेने लिहिलेले होते.

याला खोटेपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण दैनंदिनी, आत्मचरित्र, पत्रव्यवहार यांचे वाचन करणाऱ्यांना ठाऊक असते, की लेखन हे नेहमी कोणा वाचकाला उद्देशून असते. या वहीचा वाचक डॉक्टर होता, आणि तो परीक्षकाच्या भूमिकेत होता. जोस्लिनच्या काळापासून चालत आलेली चांगल्या आणि बेशिस्त रुग्णाची भाषा त्या वहीच्या प्रत्येक ओळीवर डोळा ठेवून होती. जेथे आकड्याला गुण मिळतात तेथे आकडे सुधारून लिहिले जाणारच. परीक्षा घेणाऱ्या आम्हा अध्यापकांना तरी हे नवे नाही.

त्याच काळात वहीवर अवलंबून न राहण्याचा एक मार्गही सापडला होता. १९६८ मध्ये तेहरानला सॅम्युएल रहबर यांना मधुमेह्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळेपण दिसले. त्यातून पुढे एचबीए१सी ही चाचणी विकसित झाली. ती मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज एका आकड्यात देते. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका व कॅनडात १,४४१ जणांवर झालेल्या डीसीसीटी या प्रयोगाने या आकड्याला मोठी प्रतिष्ठा दिली. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, तर डोळ्यांना अद्याप इजा न झालेल्या रुग्णांत पडद्याच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, असे त्यात दिसले. पण त्याच प्रयोगात हेही दिसले, की काटेकोर उपचार घेणाऱ्यांत साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले.

या दोन निष्कर्षांच्या मधोमध मधुमेह्याचे आयुष्य अडकले. डोळे वाचवायचे तर साखर खाली ठेवा. फार खाली ठेवली तर झोपेतच शुद्ध जाईल. सरासरी या बाबतीत काहीच सांगत नाही. चाळीस आणि दोनशेचाळीस यांची सरासरी एकशेचाळीस येते, आणि कागदावर ती समाधानकारक दिसते. दिवसाला चार वेळा बोट टोचणारा अत्यंत दक्ष रुग्णसुद्धा रात्रीचे सात-आठ तास काहीच वाचू शकत नव्हता. सेन्सरची खरी गरज निर्माण झाली ती या न वाचल्या गेलेल्या रात्रीतून.

अखंड वाचन

त्याचे बीज १९६२ सालचे. लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी विद्युत्-अग्रावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बसवून साखर मोजण्याची कल्पना मांडली. विकर साखरेवर क्रिया करते, त्या क्रियेचे मोजमाप विद्युत्-अग्र करते आणि त्यातून साखरेचे प्रमाण कळते. १९७० च्या दशकात बायोस्टेटर हे खाटेशेजारी ठेवण्याचे अवजड यंत्र आले; ते रुग्णाचे रक्त सतत ओढून तपासत असे आणि त्यानुसार इन्सुलिन सोडत असे. १९८२ मध्ये जपानच्या मोतोआकी शिचिरी यांनी त्वचेखाली खुपसण्याच्या सुईएवढ्या सेन्सरचा वापर करून दाखवला. आजचे बहुतेक सेन्सर याच घराण्यातले. त्वचेखाली एक केसासारखा तंतू राहतो आणि तो पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजतो. हा द्रव रक्ताच्या मागून काही मिनिटे चालतो. म्हणजे रक्त ही मूळ प्रत मानली, तर सेन्सरही नक्कलच वाचतो. फक्त ही नक्कल तासांनी नव्हे, मिनिटांनी मागे असते.

१९९९ मध्ये अमेरिकेत मिनीमेड कंपनीच्या पहिल्या अशा यंत्राला मान्यता मिळाली. ते तीन दिवस दर पाच मिनिटांनी साखर नोंदवत असे. पण रुग्णाला त्यातले काहीच दिसत नसे. तीन दिवसांनी यंत्र दवाखान्यात नेऊन द्यायचे, तेथे आलेख काढला जाई आणि डॉक्टर तो वाचत. वाचन अखंड झाले, पण वाचक पुन्हा विलिसच्या काळातला. २००१ साली मान्यता मिळालेले ग्लुकोवॉच मनगटावर आकडे दाखवत असे. ते त्वचा जाळत असे आणि काही वर्षांतच ते बाजारातून गेले. रुग्णाला त्याच क्षणी आकडा आणि धोक्याचा गजर देणारी यंत्रे स्थिरावली ती २००५-०६ च्या सुमारास.

मग सारे प्रश्न सुटले काय? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीचे उत्तर सावध होते. २५ वर्षांवरील रुग्णांत सेन्सरने स्पष्ट फायदा झाला. लहान मुलांत आणि तरुणांत तो तितका दिसला नाही. लाभ मुख्यतः नियमितपणे सेन्सर वापरणाऱ्यांनाच होता, आणि तरुण तो कमी वापरत होते. ग्रंथालयाचे सभासदत्व घेतल्याने कोणी वाचक होत नाही, हे येथेही खरे ठरले.

तरी वाचकाच्या हक्काचा झगडा संपला नव्हता. २०१३ मध्ये अमेरिकेतील जॉन कॉस्टिक या अभियंत्याने आपल्या लहान मुलाच्या सेन्सरमधील आकडे यंत्राबाहेर काढून इंटरनेटवर पाठवण्याची युक्ती शोधली, कारण मूल शाळेत असताना ते आकडे पालकांना दिसत नसत. त्यातून नाइटस्काउट हा उपक्रम उभा राहिला. त्याभोवती जमलेल्या पालकांचे आणि रुग्णांचे घोषवाक्य होते, 'आम्ही थांबणार नाही'. डेना लुइस यांना झोपेत सेन्सरचा गजर ऐकू येत नसे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी मोठा गजर तयार केला आणि मग सेन्सरनुसार इन्सुलिनपंप आपोआप चालवणारी प्रणाली उभी करून ती सर्वांना खुली केली. २०१५ मध्ये आकडे दूरवर पाठवणाऱ्या अधिकृत सुविधेलाही अमेरिकेत मान्यता मिळाली. बर्नस्टीन यांना जो अधिकार मिळवायला पदवी घ्यावी लागली, तो या मंडळींनी संगणकाच्या आज्ञावलीतून मिळवला.

आपल्याकडे

सेन्सर आपल्याकडे ज्या रूपात आला ते या इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. २०१५ मध्ये भारतात आलेले फ्रीस्टाइल लिब्रे प्रो हे चौदा दिवसांची नोंद ठेवणारे, पण डॉक्टरांनीच वाचायचे यंत्र होते. रुग्णाला स्वतः पाहता येणारे सेन्सर त्यानंतर आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या अंदाजानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. एका सेन्सरची किंमत काही हजार रुपये आणि त्याचे आयुष्य पंधरवड्याचे. यातला पहिला आकडा दुसऱ्याशेजारी ठेवला, की येथे कोण वाचक होऊ शकतो आणि कोण नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्यांना इन्सुलिन घ्यावे लागते आणि ज्यांची साखर रात्री उतरते, त्यांची गरज सर्वांत मोठी. पण यंत्र मात्र गरज पाहून नव्हे, ऐपत पाहून घरात येते.

ज्यांच्या घरात ते आले आहे त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न उभा असतो. दर पाच मिनिटांनी एक याप्रमाणे दिवसाला २८८ आकडे. पोह्यांची बशी, दुपारचा भात, सणाचे श्रीखंड, मुलाच्या परीक्षेची काळजी, अपुरी झोप या प्रत्येकाची रेघ पडद्यावर उमटते. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी आंतरराष्ट्रीय सहमतीने एक नवे माप सुचवले. बहुतेक प्रौढांत दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक वेळ साखर ७० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ जावा. आम्हांला या मापातला शहाणपणा महत्त्वाचा वाटतो. त्यात उरलेल्या वेळेला जागा ठेवली आहे. रेघ अधूनमधून पट्ट्याबाहेर जाणार हे त्यात गृहीत आहे.

परंतु आपल्या घरातली भाषा अद्याप तेथवर आलेली नाही. 'काय खाल्लंस?' हा प्रश्न आकडा दिसताच विचारला जातो, आणि तो चौकशीचा नसतो, उलटतपासणीचा असतो. मोबाइलवर आईची, नवऱ्याची, मुलीची साखर दुसऱ्या शहरातून पाहता येते, यात माया आहे आणि पहाराही आहे. नोंदवहीत निदान एखादा आकडा गाळण्याची सोय होती. सेन्सरने तीही काढून घेतली. कॉस्टिकच्या लहानग्याला वडिलांच्या वाचनाची गरज होती. साठीतल्या माणसाचा आलेख मुलाने वाचावा की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या साठीतल्या माणसाकडेच राहिला पाहिजे.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या पहिल्या सेन्सरला मान्यता मिळाली. इन्सुलिन न घेणारे, एवढेच नव्हे तर मधुमेह नसलेले प्रौढही तो लावू शकतात. जेवणानंतर निरोगी माणसाचीही साखर थोडी चढते आणि उतरते. ही चढउतार म्हणजे शरीर आपले काम करत असल्याची खूण. पण ज्याला हे कोणी सांगितलेले नाही, तो प्रत्येक उंचवट्यात रोग वाचू लागतो.

मुंगीने शोधलेली गोडी अखेर रुग्णाच्या तळहातावर आली, यात साडेतीनशे वर्षांच्या रसायनाचा आणि विजेचा जेवढा वाटा आहे, तेवढाच बर्नस्टीन यांच्यासारख्यांच्या हट्टाचाही आहे. तो हक्क आता परत घेता येणार नाही आणि घेऊही नये. राहिले आहे ते वाचनाचे शिक्षण. जोस्लिन यांनी ते शिस्त म्हणून दिले. आता ते अर्थ लावण्याची कला म्हणून द्यावे लागेल. एका आकड्याने घाबरू नये, रेघेची दिशा पाहावी, संदर्भ पाहावा आणि आकड्यावरून माणसाची परीक्षा करू नये. ही कला शिकवायला यंत्र पुरे पडत नाही. त्यासाठी रुग्णाशेजारी बसून तो आलेख त्याच्याबरोबर वाचणारा कोणीतरी लागतो. दहा कोटींच्या देशात सेन्सर स्वस्त होईल तेव्हा होईल. अशी माणसे तयार करण्यासाठी मात्र त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.